टाळ्यांनी मंजूर

एल्म फोर्कला पोचलं की आधी मांसकारखान्याचा वास नाकात शिरतो, मग पाण्याची टाकी दिसते आणि मग शाळा. त्या शाळेत आर्लीन कुबीचेक चौतीस वर्षं लॅटिन शिकवत होत्या. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात लॅटिन कशाला, असं त्यांना दर वर्षी कुणी ना कुणी विचारायचं आणि दर वर्षी त्या एकच उत्तर द्यायच्या, "मग कुठे?" समोरचा माणूस विचार करेपर्यंत बाई निघून गेलेल्या असायच्या.

उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज फुटबॉलच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांच्या वर्गात पहिल्या दिवसापासून इंग्रजीला मज्जाव. खिडकी उघडायची असो, पेन्सिल मागायची असो की बाथरूमला जायचं असो, सगळं लॅटिनमधून. पोरांनी आधी हसावं, मग वैतागावं आणि नाताळ येईपर्यंत आपसांत लॅटिनमधून भांडायला लागावं, असा दर वर्षीचा क्रम. कारखान्यातल्या कामासाठी मेक्सिको-ग्वाटेमालाहून आलेल्या घरांतली पोरं तर बघता बघता पुढे जात, कारण त्यातले अर्धे शब्द त्यांना घरचेच वाटत. मुलं बाईंना 'मॅजिस्ट्रा' म्हणत. लॅटिनमध्ये बाईंना तसंच म्हणतात. हळूहळू त्या किराणा दुकानात, चर्चमध्ये आणि दातांच्या डॉक्टरकडेही मॅजिस्ट्राच झाल्या. एकदा गाडी जोरात हाकली म्हणून पोलिसाने अडवलं, तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला आणि त्याने गुन्हा लॅटिनमधून समजावून सांगितला. बाईंनी त्याच्या दोन चुका सुधारल्या आणि मग मुकाट्याने पावती घेतली.

अशा या बाईंचा वर्ग त्या वसंतात बंद व्हायच्या बेतात होता. शाळा समितीचे सात सभासद, मतदान एप्रिलमधल्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सहाला. शाळांचे अधीक्षक डेल ग्रॅबोस्की तसे वाईट नव्हते. त्यांना वरून सांगितलेलं होतं की काहीतरी कापा, आणि त्यांना कापायला सोपं तेवढं लॅटिन सापडलं. बाई त्यांच्या खोलीत जाऊन अर्धा तास भांडल्या. शेवटी डेल थकून म्हणाले, "आर्लीन, एल्म फोर्कबाहेरच्या एका तरी माणसाला याचं काही पडलंय का? पडलं असेल तर मंगळवारी त्याला माझ्यासमोर आणून बसव."

त्यांनी हे बोलायचं म्हणून बोलून टाकलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

आता एल्म फोर्कबाहेरची माणसं म्हणजे बाईंच्या लेखी एकच, प्रेअरी अभिजात मंडळ. चार राज्यांतले ग्रीक-लॅटिनचे शिक्षक आणि विद्वान दर एप्रिलात कुठल्या तरी विद्यापीठात तीन दिवस जमत. शब्द एका दमात 'शिक्षक आणि विद्वान' असे छापले जात, पण प्रत्यक्षात दोघांची जागा वेगळी. विद्वानांचे निबंध तिसऱ्या मजल्यावर, उंच खिडक्यांच्या दालनांत. शाळामास्तरांची बैठक शनिवारी सकाळी आठला तळघरात, शीतपेयांच्या यंत्राशेजारी. ते यंत्र मधूनच घरघरायचं आणि बोलणाऱ्याला थांबावं लागायचं. बाईंनी अशा एकतीस बैठका पाहिल्या होत्या. नऊ वर्षं त्या मंडळाच्या चिटणीस होत्या, इतिवृत्तं त्यांनी लिहिली, नियमावली दोनदा स्वतः टंकली. विद्वान त्यांना प्रेमाने वागवत. म्हणजे त्यांनी आणलेले कोलाचे, ते खसखस भरलेले गोड चेक पाव, आवडीने खात आणि त्यांच्या बोलण्याच्या लॅटिनबद्दल "किती गोड" असं म्हणत.

फेब्रुवारीतच बाईंनी मंडळाला पत्र लिहिलं होतं की आमच्या समितीला चार ओळी लिहा आणि मतदानाला कुणीतरी या. उत्तर आलं नव्हतं. म्हणून शुक्रवारी त्या दीडशे मैल गाडी चालवून विद्यापीठात पोचल्या, कोलाच्यांचा डबा काखेत मारला आणि थेट अध्यक्षांना गाठलं.

अध्यक्ष डॉ. जॉयस एन्डिकॉट. वय पंचेचाळीस, गळ्यात नेहमी रेशमी रुमाल, कामाला वाघ आणि नियमाला पक्क्या. त्यांनी कोलाचे घेतले आणि बाईंची समजूत काढली. वार्षिक सभेची कार्यपत्रिका महिनाभर आधी बंद होते. शिवाय मंडळ शाळांच्या कारभारात पडत नाही, तो ज्या त्या गावाचा प्रश्न. शिवाय बाईंचं पत्र उपसमितीकडे आहे. बाईंनी विचारलं, उपसमितीत कोण? तर लायल व्हिटकोम.

हे ऐकून बाईंना हायसं वाटलं. लायल म्हणजे तीस वर्षांची ओळख. एवढा मोठा प्राध्यापक, पण तळघरातल्या बैठकीला डोकावून जाणारा तो एकटाच. मंडळाचा वक्ताही तोच. शनिवारच्या भोजनात दर वर्षी तीन जणांना लॅटिन मानपत्र द्यायची प्रथा होती आणि गेली अठरा वर्षं ती मानपत्रं लायल लिहायचा. सगळा हिवाळा घालवून एकेक वाक्य घासायचा. कुणाला मान मिळणार हे शेवटपर्यंत गुपित असे.

लायल त्यांना जिन्यात भेटला. बाईंनी पत्राचं विचारलं तर त्याने त्यांचा हात हातात घेतला.

"आर्लीन, तुझा विषय माझ्या डोक्यात आहे. उद्या जेवणाच्या वेळी बघशीलच तू."

"म्हणजे तू काहीतरी करतोयस."

"मंडळाने तुझ्यासाठी करायला हवं ते सगळं करतोय."

बाईंनी त्या दिवशी घरी फोन करून बहिणीला सांगितलं की काम झालं. शनिवारी भोजनाला जाताना त्यांनी निळं जाकीट घातलं. ठराव वाचला जाईल तेव्हा उभं राहावं लागेल, असा त्यांचा हिशोब.

भोजनाला एकशे ऐंशी माणसं होती. गोल टेबलं, कोंबडी, हिरव्या शेंगा, आणि प्रत्येक ताटाशेजारी घडी घालून मेणाने मोहोरबंद केलेला एक जाड कागद. त्यात मानपत्रांचा मजकूर. वक्ता बोलायला उभा राहिला की मेण तोडायचं आणि कागदावर बोट ठेवून त्याच्याबरोबर वाचत जायचं, ही तिथली पद्धत. लॅटिन वाचण्यात त्यातल्या प्रत्येकाचा जन्म गेलेला. पण कानांनी ऐकून समजणं ही दुसरीच विद्या, आणि ती त्या दालनात फारशी कुणाकडे नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढत नसे. लायल ठरावीक जागी थांबला की ज्यांना कळलं ते हसत आणि बाकीचे अर्ध्या श्वासाने मागून हसत. वाक्य संपलंसं वाटलं की सगळे टाळ्या वाजवत. काम भागत होतं.

पहिलं मानपत्र निवृत्त होणाऱ्या एका प्राध्यापकाला. दुसरं निवृत्त होणाऱ्या एका प्राध्यापिकेला. मग लायलने तिसरा कागद उघडला आणि नाव घेतलं, आर्लीन कुबीचेक.

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी मेण तोडलं नाही, त्यांना कागदाची गरज नव्हती. पहिल्या दोन वाक्यांत त्यांना काय चाललंय ते कळलं. लायल म्हणत होता, माळरानावरचा हा शेवटचा दिवा तेल असेपर्यंत जळला. या बाईंनी वारा, धूळ आणि अडाणी अधिकाऱ्यांशी झुंज दिली. आता त्यांनी शांतपणे विसावावं, आणि ज्या शाळेत ही भाषा गुणगुणली गेली त्या शाळेचं स्मरण आम्ही ठेवू. फार सुंदर लिहिलं होतं. एल्म फोर्कचं ठरल्यात जमा आहे असं उपसमितीने कुठूनतरी ऐकलं आणि पत्राला उत्तर द्यायच्या ऐवजी बाईंची बोळवण करायचं ठरवलं. चार ओळींचं पत्र लिहायला कुणाला वेळ झाला नाही. दोन पानांचं मयताचं भाषण मात्र वेळेत तयार झालं.

बाईंना राग आला. वाईट वाटणं वगैरे नंतरचं, आधी राग आला. जिवंत माणसाचं तेरावं घालत होते आणि वर ते वाहवा म्हणून टाळ्या वाजवत होते.

लायलने चौकटीत बसवलेलं मानपत्र त्यांच्या हातात दिलं. प्रथेप्रमाणे आता मान लववायची आणि बसायचं. मानपत्र घेतलेल्या माणसाने मंडळाच्या नव्वद वर्षांत कधी तोंड उघडलं नव्हतं. बाई बसायला वळल्या आणि तेवढ्यात त्यांना नियमावलीतलं कलम अकरा आठवलं. मंडळ स्थापणारी म्हातारी मंडळी मोठी मिस्कील होती. त्यांनी लिहून ठेवलं होतं की भोजनाच्या वेळी लॅटिनमधून मांडलेला ठराव टाळ्यांनी मंजूर झाला, तर तो मंडळाचा ठराव समजावा. ते कलम कुणी कधी वापरलं नव्हतं आणि कुणी कधी काढलंही नव्हतं. बाईंनी ते दोनदा टंकलं होतं आणि दोन्ही वेळा हसल्या होत्या.

त्यांनी चौकट टेबलावर पालथी ठेवली आणि लॅटिनमध्ये बोलायला लागल्या.

आधी आभार मानले. लायलच्या भाषेचं कौतुक केलं आणि थांबल्या. दालन हसलं. लोकांनी कागद उलटून बघितले, मागे काही छापलंय का. काही छापलेलं नव्हतं. बाई रोज सकाळी वर्गात बोलायच्या तसंच बोलत होत्या, भरभर आणि न अडखळता, आणि समोरची दीडशेवर माणसं मान तिरकी करून, ओठांवर समजूतदार हसू ठेवून ऐकत होती.

"मी मेलेली नाही," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. सगळे हसले.

"माझी शाळाही मेलेली नाही. तिच्यावर मंगळवारी मतदान आहे. हे तुम्हाला फेब्रुवारीपासून माहीत होतं आणि तुमच्यातलं कुणी हललं नाही." पुन्हा थांबल्या. टाळ्या पडल्या, चांगल्या घसघशीत.

भिंतीकडच्या एका टेबलावर मात्र कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. तिथे तळघरातली मंडळी बसली होती, सहा-सात शाळामास्तर. त्यांच्यात मारिसोल किंताना होती. एल्म फोर्कमध्ये बाईंच्या हाताखाली शिकून ती आता लिंकनला लॅटिन शिकवत होती. तिने काटा खाली ठेवला होता आणि दोन्ही हात तोंडावर धरले होते. आणि वक्त्याच्या जागेजवळ लायल उभा होता. तो कानापर्यंत लाल झाला होता. त्याला कळत होतं. सगळं नाही, पण पुरेसं.

बाईंनी मग ठराव मांडला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, म्हणजे पुढे कुणी घाई केली असं म्हणायला नको. अध्यक्षांनी सोमवारपर्यंत एल्म फोर्कच्या शाळा समितीला मंडळाच्या वतीने पत्र लिहावं. या दालनात जो जो टाळी वाजवेल त्याने मंगळवारी संध्याकाळी सहाला एल्म फोर्कला स्वतः येऊन बसावं. आणि शेवटी तो प्रश्न, जो मंडळात दर वर्षी यजमानांचे आभार मानताना विचारला जातो आणि जो तिथल्या प्रत्येकाला झोपेतही कळतो, "प्लाकेत्ने वोबिस?" मंजूर आहे का?

"प्लाकेत!" अख्खं दालन ओरडलं. मंजूर. टाळ्यांचा कडकडाट झाला, मागची दोन टेबलं तर उभी राहिली. डॉ. एन्डिकॉटही उभ्या राहिल्या, रुमाल सावरत, डोळ्यांत पाणी आणून.

आता मारिसोलचं टेबलही उठलं आणि टाळ्या वाजवायला लागलं. समजून वाजवलेल्या टाळ्या जवळपास तेवढ्याच.

बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग इंग्रजीत, हवामान सांगावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी आत्ता काय मंजूर झालं ते सांगितलं. तारीख सांगितली, वेळ सांगितली, महामार्गावरून कुठे वळायचं तेही सांगितलं.

कुणाच्या तरी हातातून चमचा पडला. डॉ. एन्डिकॉट अजून उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "आर्लीन, हे बरोबर नाही. असा ठराव होत नसतो."

"कलम अकरा."

"ते गमतीने लिहिलंय."

"गमतीने लिहिलं असेल. काढलं नाहीत ना?"

"अहो, पण तुम्ही काय बोलत होतात ते लोकांना कळलंच नव्हतं."

बाई याचीच वाट बघत होत्या. "मग तसं इतिवृत्तात लिहा, जॉयस. लॅटिनच्या एकशे ऐंशी शिक्षकांना आणि विद्वानांना लॅटिन कळलं नाही, म्हणून ठराव रद्द. मी नऊ वर्षं इतिवृत्त लिहिलंय. हवं तर वाक्य मी सांगते, तुम्ही लिहून घ्या."

मला कळलं नव्हतं, असं म्हणायला एक हात वर यायला हवा होता, फक्त एक. जो तो आपल्या ताटातल्या शेंगांकडे बघत होता. शेवटी अध्यक्षांनी लायलकडे पाहिलं. मंडळाचा वक्ता तो, लॅटिनबाबत त्याचा शब्द अखेरचा. ठरावात काहीतरी खोट आहे एवढं तो म्हणाला असता की सगळे सुटले असते, आणि तोही सुटला असता.

लायलने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ठराव रीतसर आहे," तो म्हणाला. "आणि टाळी मीही वाजवली. शेवटची. ती मात्र समजून वाजवली."

मधल्या टेबलावरून एक तरुण प्राध्यापक चाचरत म्हणाला की मंगळवारी संध्याकाळी त्याचा वर्ग असतो.

"वर्गाला घेऊन ये," बाई म्हणाल्या आणि बसल्या. कोंबडी गार झाली होती. त्यांनी ती सगळी खाल्ली.

मंगळवारी शाळेच्या वाचनालयात समितीची सभा होती. डेल ग्रॅबोस्कींनी पालकांसाठी वीस खुर्च्या मांडल्या होत्या. साडेपाचला पहिली गाडी आली, मग दुसरी, मग विद्यापीठाची एक लहान बस, तिच्यात त्या तरुण प्राध्यापकाचा अख्खा वर्ग. टाळ्या एकशे ऐंशी जणांनी वाजवल्या होत्या. विद्यार्थी सोडून आले सव्वीस. बाईंनी आलेल्यांशी हात मिळवले आणि न आलेल्यांची नावं लक्षात ठेवली. डॉ. एन्डिकॉट स्वतः आल्या, पत्र हातात घेऊन. पोस्टावर भरवसा नाही म्हणाल्या. मारिसोल आली. तो पोलीसही गणवेशात येऊन दाराशी उभा राहिला आणि बाईंना लॅटिनमधून शुभ संध्याकाळ म्हणाला. या खेपेला बरोबर म्हणाला.

डेल जास्तीच्या खुर्च्या ओढून ओढून दमले. बाईंच्या जवळ येऊन पुटपुटले, "मी एक माणूस म्हटलं होतं, आर्लीन."

"एकाने तुझं समाधान होईल असं वाटलं नाही."

पत्र वाचून झालं. एका आईने स्पॅनिशमधून सांगितलं, तिच्या मुलीने ते इंग्रजीत सांगितलं. मग समितीच्या प्रमुखांनी विचारलं, बाहेरच्यांपैकी कुणाला बोलायचंय का. लायल उठला. त्याने खिशातून तीन घड्या घातलेले कागद काढले आणि सरळ करायला लागला.

"कागद ठेव, लायल," शेजारून बाई म्हणाल्या.

त्याने बाईंकडे पाहिलं. कागद खुर्चीवर ठेवले. हातांचं काय करावं ते त्याला समजेना, म्हणून त्याने ते तसेच लोंबू दिले.

"मी चाळीस वर्षं लॅटिन वाचतोय," तो म्हणाला. "परवा शनिवारी ते पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी बोललं. रागावून बोललं, आणि माझी त्यात चूक होती. ती भाषा अजून कुणावर तरी रागावू शकते हे मला माहीत नव्हतं. या गावात ती रोज सकाळी बोलतात. एवढंच. ती बंद करू नका." आणि तो खाली बसला.

मतं पडली. चार विरुद्ध तीन. लॅटिन राहिलं.

बाहेर गाड्यांपाशी अजून उजेड होता आणि कारखान्याकडून नेहमीचा वारा येत होता. कोलाच्यांचा डबा हातोहात फिरत होता. लायलने गाडीच्या मागच्या सीटवरून ती चौकट काढली आणि अपराध्यासारखा बाईंसमोर येऊन उभा राहिला. शनिवारी त्या ती टेबलावर पालथी टाकून निघून गेल्या होत्या.

बाईंनी ती घेतली. मावळत्या उजेडात धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचली, दिवा, तेल, विसावा, सगळं. मग त्याच्या हातात परत दिली.

"सुंदर लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "ठेव तुझ्याकडे. लागेल तेव्हा मागवून घेईन मी. आणि तोवर यातल्या दोन चुका सुधारून ठेव."